शाळा सुटतानाची तहान : शाळा सुधारणा समितीला आणि गावातल्या मंडळांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, समितीचे सदस्य, मुख्याध्यापक गुरुजी, सर्व शिक्षक आणि गावातल्या मंडळांचे कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेसमोरच्या किराणा दुकानातली. तुम्ही सगळे मला ओळखता. तुमच्या घरचं महिन्याचं सामान माझ्याच काट्यावरून जातं. बैठकीत दोन मिनिटं बोलूनही हे सांगता आलं असतं, पण मुद्दाम उघड लिहिते आहे. जांबोटी रस्त्यावर, खानापूरकडे, पलीकडे बेळगाव तालुक्यातही जवळजवळ प्रत्येक शाळेच्या फाटकासमोर असं एक दुकान असतं. माझ्याकडे जे घडतं ते तिथंही घडत असणार. तिथल्या आयांनी आणि गुरुजींनीही हे वाचावं.

चार वीसला शाळा सुटते. आत्ताआत्तापर्यंत चार पस्तीस वाजेपर्यंत माझ्या फ्रीजचं दार नीट बंद व्हायचं नाही. चोर्ल्यावरून गोव्याला जाणाऱ्या गाड्या दिवसभर दुकानापुढं थांबतात, पण थंड पेयांची निम्मी विक्री या पंधरा मिनिटांतच व्हायची. मुलं खांद्यावरचं दप्तरसुद्धा उतरवायची नाहीत. दहा रुपये पुढं करायची, आंब्याच्या ड्रिंकचं पाकीट घ्यायची, नळी खुपसायची आणि एका दमात संपवायची. नऊ वर्षं मी हे बघत आले. पोरांना गोड आवडतं, एवढाच अर्थ मी त्यातून काढला होता. तो चुकीचा होता. ती पोरं तहानलेली असतात.

हे मला कळलं ते माझ्या मुलाच्या दाढेमुळं. तो पाचवीत आहे. गेल्या वर्षी दाढ ठणकायला लागली म्हणून त्याला बेळगावला दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, दिवसाला गोड किती पितो? मी म्हटलं, फारसं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे किती? मला सांगता येईना. कुणाच्या घरात महिन्याला किती साखर, किती चहापूड जाते ते मी तोंडपाठ सांगू शकते. माझ्या पोराच्या पोटात काय जातं ते मात्र मला माहीत नव्हतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, आठवडाभर लिहून ठेवा आणि मग या.

तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि त्या आम्लानं दातावरचं कठीण आवरण झिजतं, हे त्यांनीच समजावलं. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन टाकते, पण त्याला अर्धा तास तरी लागतो. त्यामुळं किती प्यायलं याइतकंच किती वेळा प्यायलं, हेही महत्त्वाचं. बाटली हातात धरून तासभर घोट घोट घेतला, तर तासभर दात आम्लातच राहतात. सोड्याच्या पेयांत तर स्वतःचंच आम्ल असतं.

घरी आल्यावर दुकानातली एक शंभर पानी वही घेतली आणि तीन रकाने आखले. पहिला पाण्याचा. दुसरा साखर घातलेल्या प्रत्येक पेयाचा, त्यात चहा, सरबत, उसाचा रस, पाकीट, बाटली सगळं. तिसरा दुधाचा आणि ताकाचा. प्यायलं की एक काठी मारायची, पाचवी काठी आडवी. मुलाला सांगितलं, तुझी वही तूच लिही, मी ओरडणार नाही. ते वचन मी पाळलं, म्हणूनच तो खरं लिहीत गेला. तुमच्यापैकी कुणी हे करून बघणार असाल तर ही एकच गोष्ट लक्षात ठेवा. ज्या दिवशी वहीवरून पोराला बोलाल, त्या दिवसापासून वही खोटी होईल.

आठवड्याचा हिशोब असा निघाला. चहा एकवीस कप : सकाळी एक, शाळेतून आल्यावर एक, संध्याकाळी आम्ही घेतो तेव्हा एक. प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाचा एक सपाट चमचा साधारण ४ ग्रॅमचा, म्हणजे १६८ ग्रॅम. आंब्याची १५० मिलीची पाकिटं पाच. पाकिटामागं बारीक अक्षरात १०० मिलीला १३ ग्रॅम साखर लिहिली होती, म्हणजे पाच पाकिटांत ९७ ते ९८ ग्रॅम. फसफसणाऱ्या पेयाच्या २५० मिलीच्या बाटल्या तीन, १०० मिलीला साडेदहा ग्रॅमच्या हिशोबानं जवळजवळ ७९ ग्रॅम. सगळं मिळून ३४४ ग्रॅम.

रात्री दुकान बंद केल्यावर काट्यावर कागद ठेवला आणि तेवढी साखर मोजली. वर्षानुवर्षं मी पावशेर, अर्धा किलो, पाच किलो साखर तोलून देते, हात कधी थरथरला नाही. त्या रात्री थरथरला. एका पोराची एका आठवड्याची साखर, तीही फक्त पिण्यातली. बिस्किट, लाडू, बेळगावहून कुणी आणलेला कुंदा यात धरलेलाच नाही. याच वेगानं गेलं तर वर्षाला जवळजवळ अठरा किलो होते. त्याचे वडील समोरच बसले होते. काही न बोलता त्यांनी पुडी बांधली आणि फळीवर ठेवून दिली. ती अजून तिथंच आहे.

रोजचे ४९ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की वरून घातलेल्या साखरेतून, आणि मध, पाक, रस यांतल्या साखरेतून, दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत, पाच टक्क्यांच्या खाली राहिलं तर आणखी चांगलं. मोठ्या माणसाच्या २००० कॅलरींच्या आहारात दहा टक्के म्हणजे ५० ग्रॅम आणि पाच टक्के म्हणजे २५. लहान मुलाचा आहारच कमी, त्यामुळं मर्यादाही कमी. अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनेनं २०१६ साली मुलांसाठी आणखी स्पष्ट सांगितलं : दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी साखर, आणि गोड पेय आठवड्याला साधारण २४० मिलीच्या वर नको. माझ्या मुलाच्या पाकिटं-बाटल्यांचीच बेरीज दीड लिटर होती. म्हणजे सहापट.

प्यायलेल्या साखरेनं पोट भरल्यासारखंही वाटत नाही. भाकरीएवढे उष्मांक पोटात जातात आणि पोरगं भाकरी मागतंच. ती साखर जेवणाच्या वर चढते.

पण सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो पहिल्या रकान्यानं. पाण्याच्या काठ्या शाळेच्या दिवशी तीन, कधी चार. रविवारी आठ-नऊ. एकच पोरगं, तेच ऊन, मग हा फरक कशानं? शाळेत नेलेली पाऊण लिटरची बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली परत यायची. विचारलं तर म्हणाला, वर्गात पिऊ देत नाहीत आणि मधल्या सुट्टीत खेळायचं असतं. बाटली संपली तर भरणार कुठं, टाकीच्या पाण्याला वास येतो.

मग मी इतर मुलांनाही विचारायला लागले. दुकानात सहज बोलणं होतं. सातवीतली एक मुलगी जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. ती सकाळी घरून निघताना पाणी पितच नाही. शाळेतही पीत नाही. कारण पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि मुलींच्या शौचालयात दाराला कडी नाही, आत नळाला पाणी नाही. तिच्या मैत्रिणीही तसंच करतात. सकाळी साडेनवापासून चार वीसपर्यंत कोरड्या घशानं बसायचं, आणि सुटल्यावर माझ्या दुकानात यायचं.

गुरुजी, मी तक्रार करत नाही. तुम्ही मोजके शिक्षक मिळून सगळे वर्ग सांभाळता, हजेरीपासून जेवणापर्यंत सगळं तुमच्यावरच आहे. पण ही मुलगी रोज दहा रुपयांची साखर विकत घ्यायची ती तिला पाणी पिता येत नाही म्हणून. तिला "कोल्ड्रिंक वाईट असतं बाळा" असं सांगायचं कुणी आणि कोणत्या तोंडानं? कमी पाणी पिणं आणि लघवी तुंबवून ठेवणं यामुळं मुलींना मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं, डोकं दुखतं. पाळी सुरू झालेल्या मुलींचे हाल तर मी लिहायलाच नकोत, समितीतल्या बायांना ते माहीत आहेत.

म्हणून माझी पहिली मागणी समितीकडं आणि पंचायतीतल्या सदस्यांकडं आहे : मुलींच्या शौचालयाला कडी आणि आत पाणी. फलक, भाषण, प्रभातफेरी हे सगळं नंतर. कडी मी माझ्या पैशानं आणून देते, बसवणारा सुतार तुम्ही बघा. पाण्याच्या जोडणीचं पीडीओ साहेबांशी, म्हणजे ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांशी, बोलावं लागेल. टाकी पावसाळ्याआधी घासून घ्यावी आणि पाणी तपासून घ्यावं. आमच्या भागात पाऊस थोडा पडत नाही. मलप्रभा इथून जवळच, कणकुंबीला उगम पावते. जून ते सप्टेंबर कौलांवरून धारा थांबत नाहीत, आणि त्याच दिवसांत शाळेतलं पोर तहानलेलं घरी येतं, हे मला पटत नाही.

दुसरी मागणी घंटेची. २०१९ साली केरळच्या शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजवायला सुरुवात झाली, आणि त्याच वर्षी कर्नाटकातही ही कल्पना उचलली गेली. आपल्याकडं ती वाजत नाही. दिवसातून तीन वेळा घंटा द्यायची, दोन मिनिटं सगळ्यांनी बसल्या जागी बाटलीतलं पाणी प्यायचं. मधली सुट्टी खेळायला मोकळी राहते. ज्याच्याकडं बाटली नाही त्याला वर्गात एक कळशी आणि पेले. यात खर्च कसला? वेळ जातो म्हणाल तर दिवसाला सहा मिनिटं.

किती पाणी प्यावं याचा एकच आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. ऊन, खेळ, वय, सगळ्यावर ते अवलंबून असतं. मुलांना सोपी खूण शिकवावी : लघवी फिकट पिवळी असली तर ठीक, गडद झाली तर पाणी कमी पडतंय. घरात कुणाला मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर त्यांनी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच प्यावं.

तिसरी मागणी वहीची. पाचवी ते सातवीच्या मुलांनी महिन्यातला एक आठवडा आपली काठ्यांची वही लिहावी. नाव नको, गुण नकोत, वर्गात वाचून दाखवणंही नको. आठवड्याच्या शेवटी सगळ्यांच्या काठ्यांची बेरीज फळ्यावर लिहावी, वर्गाची म्हणून. गणिताच्या तासाला पाकिटावरची साखर चमच्यांत बदलून बघावी. पाकीट १५० मिलीचं, १०० मिलीला १३ ग्रॅम, तर चमचे किती? माझ्या मुलाला शेकडेवारी या एका गणितानं समजली. पाकिटावर आंब्याचा गर किती टक्के तेही लिहिलेलं असतं. तो आकडा मुलांनी स्वतः शोधून काढावा.

अडचण एकच आहे. हे सगळं बारीक इंग्रजीत छापलेलं असतं. आपली पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, इंग्रजी तिसरी. तीन भाषा येणाऱ्या पोराला हातातल्या पाकिटात काय आहे ते मात्र वाचता येत नाही. सीबीएसईनं २०२५ च्या मे महिन्यात त्यांच्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितलं, कोणत्या पेयात किती साखर ते दाखवणारे. आपली शाळा त्या मंडळाची नाही, आपल्याला आदेश येणार नाही. पण फलक लावायला आदेश कशाला हवा? पुठ्ठा मी देते, रिकामी पाकिटंही देते. प्रत्येक पाकिटाखाली तेवढी साखर पारदर्शक पिशवीत भरून चिकटवायची, आणि खाली मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं लिहायचं. साखर आणि सक्करे, पाणी आणि नीरू. त्यावर कुणी भाषेचा वाद काढू नये, एवढी हात जोडून विनंती. तहान दोन्ही घरांत सारखीच लागते.

आता माझ्या दुकानाबद्दल. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ शाळकरी मुलांना विकू नयेत. मला हा नियम माहीतच नव्हता. कळल्यावर टेप घेऊन फाटकापासून माझ्या पायरीपर्यंत मोजलं. चौतीस मीटर. त्या दिवसापासून गणवेशातल्या मुलांना मी पाकिटं आणि बाटल्या देणं बंद केलं.

त्याच्या आधी महिनाभर मी एक वेगळी गोष्ट करून बघितली होती, ती सांगते. दुकानाच्या पायरीवर माठ ठेवला. खाली तिवई, वर झाकण, लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे पाण्यात कुणाचा हात बुडत नाही. शुद्ध पाण्याच्या केंद्रातून कॅन आणून भरते, रोज सकाळी माठ घासते. कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्या दिवसापासून मुलं आधी माठाकडं जायला लागली. दोन-दोन पेले पाणी प्यायची आणि मग फ्रीजकडं बघायची. निम्मी तशीच घरी जायची. माठाआधी शाळेच्या दिवशी चाळीसेक पाकिटं जायची, महिनाअखेरीस ती बावीस-पंचवीसवर आली. मी एकालाही "घेऊ नको" म्हटलेलं नव्हतं.

आता दुकानदाराच्या तोंडून ऐका, कारण यात माझा तोटा किती, हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. दहाच्या पाकिटामागं मला रुपया-सव्वा रुपया सुटतो. माठ ठेवल्यावर महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास कमी झाले, मुलांना विकणं थांबवल्यावर आणखी गेले. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी ठेवायला लागले तेव्हा त्यातले निम्मे परत आले. बाकीची झळ मी सोसते. ती सोसण्यासारखी आहे. पण गावात तीन दुकानं आहेत, आणि मी थांबले तर पोरं वरच्या गल्लीत जातात. म्हणून पंचायतीनं तिन्ही दुकानदारांना एकत्र बोलवावं. त्यातलं कुणी वाईट नाही. नियम सांगणारं कुणी भेटलेलं नाही, एवढंच.

हायस्कूलच्या मुलांचं वेगळं सांगायला हवं. उंच डब्यातली, छोट्या बाटलीतली एनर्जी ड्रिंक्स आता खेड्यात वीस रुपयांत मिळतात. क्रिकेट खेळायला जाणारी पोरं दोन-दोन नेतात. त्यांत साखरेबरोबर कॅफीन असतं, लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅमपर्यंत. मुलांसाठी आणि गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी योग्य नाही, असं त्या बाटलीवरच छापलेलं असतं, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मंडळांच्या दादांनो, टेनिस बॉलच्या स्पर्धेत सामनावीराला याच बाटल्यांचा खोका देता, तो देऊ नका. स्टीलची चांगली पाण्याची बाटली द्या. ती पोरगं वर्षभर वापरेल.

आणखी एक गोष्ट, ही जिवाशी खेळणारी आहे. जुलाब लागलेल्या बाळासाठी माझ्याकडं आज्या यायच्या आणि ओआरएस नाव छापलेलं फळांच्या चवीचं पाकीट मागायच्या. मी द्यायची. खऱ्या ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि मीठ, पोटॅशियम ठरलेल्या मापात असतं. त्या गोड पाकिटांत साखर त्याच्या कितीतरी पट होती. इतकी साखर आतड्यात गेली की ती उलट पाणी आत ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांवर ओआरएस हे नाव वापरायला बंदी घातली. पण जुनी सवय आणि जुनं नाव लोकांच्या तोंडात आहे. जुलाब झाले तर आशाताईंकडून पावडरचं पाकीट घ्या, एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. ते मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, मोजून. आंब्याचं ड्रिंक नको, सोडा नको.

आता यात्रेचं. पुढच्या वर्षी आपली लक्ष्मी यात्रा आहे. किती वर्षांनी येते, घराघरात पाहुणे, लेकी-जावई, पुण्या-मुंबईचे, गोव्याचे. माझ्याकडं आत्तापासून विचारणा आहे की खोके किती मागवायचे. पाहुण्याच्या हातात थंड बाटली दिली नाही तर आपली किंमत कमी होईल, असं घराघरातल्या बायांना वाटतं. मलाही वाटतं. पण आपल्या आज्या उन्हातून आलेल्या माणसाला काय द्यायच्या ते आठवा : गुळाचा नखाएवढा खडा आणि तांब्याभर पाणी. कन्नड घरांतही तेच, बेल्ल आणि नीरू. गोड जिभेपुरतं, पाणी पोटभर. आपण ते उलटं करून टाकलं. मंडळांनी यात्रेत चार ठिकाणी मोठी पाणपोई लावावी, मठ्ठ्याची एक टाकी ठेवावी, मीठ-जिरं-कोथिंबीर घातलेला. कोकमाचं सरबत घरोघरी होतंच, ते मीठ घालून करावं. साखरेचा पाक ओतलेलं लाल सरबतही शेवटी साखरच.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं बोलायला हवी. आपण उसाच्या जिल्ह्यातले लोक. हुक्केरी, चिकोडी, अथणीकडं तर शेतं बघावीत तिथं ऊस, आणि आपल्या घरातलं कुणी ना कुणी ऊसतोडीला, कारखान्यात, नाहीतर गुऱ्हाळावर. रसाचा पेला हा आपल्याला आपला वाटतो. पण उसाच्या रसातही १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर असते, आंब्याच्या पाकिटाएवढीच. गूळ, मध, रस, सगळे वहीत त्याच रकान्यात जातात. कधीतरी यात्रेत, संक्रांतीला प्यावा, खुशाल प्यावा. रोजची तहान त्यानं भागवू नये.

चहाचं मी सगळ्यात शेवटी लिहिते, कारण तो सोडा असं मी म्हणणार नाही. कुणी ऐकणारही नाही. आमच्या घरी साखर पातेल्यातच पडायची, त्यामुळं सासऱ्यांना, ज्यांना बारा वर्षं शुगर आहे, आणि पाचवीतल्या पोराला सारखाच गोड चहा मिळायचा. आता चहा बिनसाखरेचा उकळते आणि साखर कपात वरून घालते, ज्याची त्याला. मुलाचे दोन चमचे दीड केले, तीन आठवड्यांनी एक. जिभेला कळलं नाही असं नाही, कळलं, पण महिन्यात सवय झाली. शाळेतून आल्यावरचा चहा गेला, त्या जागी आधी पाणी आणि मग ताक. शाळेत क्षीरभाग्य योजनेत २०१३ पासून दूध मिळतं, आता नाचण्याचं माल्टही मिळतं, ते तो आवडीनं पितो आणि तिसऱ्या रकान्यात लिहितो.

गेल्या महिन्यात पुन्हा आठवडाभर वही लिहिली. चहाचे चौदा कप, एक-एक चमचा. एक पाकीट, मामानं दिलेलं. ७५-७६ ग्रॅम. पाण्याच्या काठ्या शाळेच्या दिवशी अजून पाचच्या पुढं जात नाहीत. घरातलं जे माझ्या हातात होतं ते झालं. उरलेलं शाळेत आहे.

येत्या शनिवारी समितीची बैठक आहे असं बाईंनी सांगितलं. मी येते. दोन्ही वह्या, ३४४ ग्रॅमची ती पुडी आणि पितळी कडी घेऊन येते. माठ दोन ठरवून ठेवले आहेत, एक मुलांच्या वऱ्हांड्यात, एक मुलींच्या बाजूला. ते रोज घासायचं काम कोण घेणार ते तेवढं ठरवूया. पहिला महिना मी घ्यायला तयार आहे, सकाळी नऊला, दुकान उघडायच्या आधी.

आपली,
शाळेसमोरच्या दुकानातली, पाचवीतल्या मुलाची आई
जांबोटी रस्ता, ता. खानापूर, जि. बेळगाव